शुक्रीच्या कोंबड्याचा निकाल

सायवन, ता. डहाणू

चि. प्रगती हिला हिरूकाकाचे पोटभर आशीर्वाद. (तू आता न्यायमूर्ती झालीस, तेव्हा 'चि.' लिहावं की 'मा.' याचा सकाळभर विचार केला. पण तुला खांद्यावरून बाजारात नेलं आहे, म्हणून 'चि.'च राहू दे.)

जावईबापू धनेशरावांची कंबर कशी आहे? तिकडे चोळायला तिळाचं तेल मिळतं का? योगिताची परीक्षा झाली का, आणि पोर अजून नुसती पावावर जगते की भात खाऊ लागली? तुझी झोप कशी आहे? माणसांनी माणसांना कसं मारलं ते दिवसभर ऐकायचं आणि घरी येऊन जेवायचं, हे सोपं काम नव्हे. इकडे माझे गुडघे वयाला शोभतील असे आहेत. सून शितल ठीक, म्हैस ठीक. तुझी काकीही ठीक आहे, असं शितलकडून कळतं. मला स्वतःला कळायला मार्ग नाही, कारण बायजीने माझ्याशी बोलणं टाकून आज नऊ दिवस झाले.

याला मूळ कारण तू. वीस वर्षं परदेशात राजदूत होतीस तेव्हा पाड्यावर त्याचा कोणाला उपद्रव नव्हता. (राजदूत म्हणजे फटफटी, असंच निम्म्यांना वाटे, बाईमाणूस असून चालवते, याचं कौतुक.) भांडणाऱ्या दोन देशांना एका टेबलाशी बसवून चहा पाजणं हे तुझं काम, एवढं मी सांगत असे. पण पाच देशांनी मिळून बसवलेल्या त्या मोठ्या फौजदारी न्यायालयात तू न्यायाधीश झाल्याची बातमी छापून आली. तलासरीला एसटीची वाट बघताना मी ती चौघांना वाचून दाखवली (एसटीच्या पाट्यांवरच अक्षरं शिकलो, तिथं माझा आवाज चढतोच), आणि लोकांनी ठरवलं की न्याय या घराण्याच्या रक्तातच आहे. झालं, मला पंच केलं. मीही नको म्हटलं नाही. धुतलेला सदरा घातला.

पहिलाच खटला आपल्या शेजारणीचा, शुक्रीचा. तिचा लाल कोंबडा नाहीसा झाला आणि पिसं सापडली आमच्या उकिरड्यावर. आरोपी तुझी काकी. तिचं म्हणणं, तलासरीहून भाऊ जीवन जेवायला आला, अंगणात लाल कोंबडा दिसला, तो आपलाच समजून धरला. आणि समजा दुसऱ्याचा असला, तरी तीन महिने आमची वाळत घातलेली नागली खाऊन पोसला, तो आमचाच झाला. वकिलाला सुचणार नाही असा मुद्दा! सगळा पाडा माझ्या तोंडाकडे बघत होता. घरच्या माणसाला सोडलं तर तुझ्या नावाला बट्टा. मी घसा साफ करून सांगितलं, कोंबडा दाणे कुठं टिपतो ते बघायचं नसतं, रात्री कुठं बसतो ते बघायचं असतं. बायजीने आपला कोंबडा शुक्रीला द्यावा आणि चारचौघांत चूक कबूल करावी.

माना डोलल्या. काकीने कोंबडा दिला, चूकही कबूल केली, पण बघत माझ्याकडे होती, जणू पिसं माझ्याच अंगावरची. दुसऱ्या दिवशी ती आणि शुक्री मिळून विवळवेढ्याला महालक्ष्मीला जाऊन आल्या, हसत. म्हणजे फिर्यादी आणि आरोपी एक झाले, वाळीत पडला तो न्यायाधीश. (तिकडेही असंच होतं का?) आता घरातला सगळा कारभार शितलमार्फत. "शितल, साहेबांना सांग, पेज गार होते." मी हातभर अंतरावर बसलेला! मी म्हणतो, "शितल, तुझ्या सासूला सांग, मीठ कमी आहे." तिकडून येतं, "मिठाचाही निकाल द्या म्हणावं." शितल बिचारी आमच्या दोन देशांमधली राजदूत झाली आहे, आणि तिला ना बंगला ना गाडी.

म्हणून लिहितो. पोरी, काकीला चार ओळी लिही. न्यायाधीश म्हणून नको. निकालाने घरात काय होतं ते मी बघतो आहे. राजदूत होतीस तशी लिही: थोडं याचं खरं, थोडं तिचं खरं, आता चहा घ्या. बाकी मी खुशाल. भात चांगला आला आहे, आणि निकाल बरोबरच होता.

तुझा
हिरूकाका

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी काकीने हे पत्र शितलकडून वाचून घेतलं. (आमच्याकडे टपालाला पडदा नाही.) ऐकून ती ओटीवर आली आणि नऊ दिवसांनी थेट मला म्हणाली, "त्या कोंबड्याच्या दोन्ही तंगड्या कोणी खाल्ल्या, ते कुठं आहे यात?" तर लिहितो. मी खाल्ल्या. पाहुण्याला मान आली. रस्साही मी दोनदा मागून घेतला. पंचाने मुद्देमाल खाल्ला असेल तर त्याने उठून जावं, असा काही नियम तुमच्याकडे आहे का?

आणखी एक. काकीने तुझ्याकडे अपील केलं आहे. तिला राजदूत नको, न्यायाधीशच हवी म्हणते. माझं काय व्हायचं ते होवो. फक्त निकालात एवढी एक ओळ घाल, की शिक्षा बायजीने मला स्वतःच्या तोंडाने सुनावावी, शितलमार्फत नाही. आणि पोरी, लवकर लिही.