सर्पगंधा आणि अळणी वरण

भिलाई, रविवार, ९ फेब्रुवारी १९६४

बाबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नाहीत. क्षमा करा. आज लिहिते आहे, कारण तुमच्या ज्या प्रश्नाला मी हसले होते, तो आता माझ्याच घरात विचारायची वेळ आली आहे.

यांना रक्तदाबासाठी तीन महिन्यांपासून गोळी सुरू आहे. पूर्वी पोलाद कारखान्यातल्या भट्टीवरून आले की दारातच सुरू व्हायचे. रशियन साहेबाच्या हिंदीची नक्कल, नाहीतर माझ्या स्वयंपाकावर तोंडसुख. काल मी वरणात मीठ घालायचंच विसरले. हे जेवले, उठून हात धुतले. "वरण अळणी होतं, सांगितलं का नाही?" मी विचारलं, तर म्हणाले, "कावून इचारून राहिली? जेवलो ना." आणि भिंतीकडे पाहत बसले.

आज सकाळी शेजारच्या तरुण डॉक्टरांना त्या गोळीबद्दल विचारलं. "वहिनी, ती आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून निघते," ते म्हणाले. बाबा, तुम्ही रोग्यांना द्यायचात तीच मुळी! मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. पेशीवर त्याला बसायला ठरलेली जागा असावी. ती अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण काही औषधं आधीच तिथे जाऊन बसतात आणि सेरोटोनिनला थारा मिळत नाही, यावरून ती ओळखायची. सर्पगंधेची तऱ्हा वेगळी, ती साठाच उपसून टाकते. "काही माणसं मग आतून रिकामी होतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उद्या त्यांना घेऊन या."

रिकामी. बाबा, हा तर तुमचा शब्द. भंडाऱ्याकडच्या आपल्या घराची पडवी. बाळंतपणानंतर वेड लागलेल्या एका बाईचा भाऊ तुमच्याकडून सर्पगंधेच्या मुळीची पूड न्यायला आला आहे. तुम्ही विचारता, "आज कोणासंग भांडली का?"

"नाही जी! गाय झाली गाय," तो खुशीत सांगतो.

तुम्ही पुडी परत डब्यात टाकता. "भांडत बी नाही? मंग रिकामी झाली ते. बंद कर."

मी तेव्हा नागपूरला सायन्स शिकत होते. हसून म्हटलं, "बाबा, भांडण हे काय औषधाचं माप झालं?"

"तू पुस्तक पाय. मी माणूस पाहून राहिलो," तुम्ही वर न बघता म्हणालात.

दिवसभर, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तेच मनात घोळतं आहे. डोक्याच्या आत, कुणी न पाहिलेल्या एवढ्याशा जागेवर एक कण येऊन बसतो, तेव्हा कुठे माणसाला अळणी वरणाचा राग येतो. निदान मला तरी तसं समजलं, चुकतही असेन. आणि प्रयोगशाळेचं दारही न पाहिलेले तुम्ही, शेजारीपाजारी विचारतात तसं भांडणाचं विचारून, तिथवर पोचला होतात. भट्टीतून पहिल्यांदा वितळलेलं लोखंड वाहताना पाहिलं, तेव्हाही मी इतकी थक्क झाले नव्हते.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहून टाकते. यांचं बोलणं आटलंय हे मला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. घर शांत झालं म्हणून मला बरं वाटत होतं. गोळी रोज मीच आठवणीने यांच्या हातावर ठेवत होते.

उद्या: यांच्यासोबत दवाखान्यात जाणे, आणि मला हे कधीपासून माहीत आहे ते डॉक्टरांना खरं सांगणे.