महदच्या खाणीची फाईल

५ डिसेंबर, सकाळी ७.१०
ठरलं. इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत गाडीनं शेजारच्या सौदीला. महद अद-दहब आणि वाटेतली सोन्याच्या खाणींची जुनी गावं. आमच्या ऑफिसातली उर्वी, नाशिकची, भूगर्भशास्त्र शिकलेली, वर्षभर याच खाणींबद्दल बोलतेय. तिचं कॉन्ट्रॅक्ट ३१ तारखेला संपतं. त्याआधी खाणीच्या तोंडाशी मी तिला लग्नाचं विचारणार. प्लॅन माझा आहे, त्यामुळे चूक शक्य नाही.

८ डिसेंबर
एका गाडीत मी, उर्वी, माझा रूममेट मयूर. दुसऱ्या गाडीत ऑफिसातलाच मुदस्सिर आणि त्याची बायको अफशां. इथले ओळखीचे देवीदासकाका आम्हाला त्यांची पजेरो देतायत. ती सीमेपलीकडे न्यायला त्यांचं पत्र लागतं. आणलं. मयूर म्हणाला, एवढं काय, यल्ला, निघू. या माणसाचे रजेचे अर्जसुद्धा मी लिहितो, तो फक्त सही करतो.

१२ डिसेंबर
विचारायचं वाक्य पक्कं झालं. सातवा खर्डा. छोट्या कार्डावर, सुवाच्य अक्षरात: 'तू सोबत असलीस की मला कसलीच काळजी वाटत नाही. हे जन्मभर चालेल का?' नावं मुद्दाम घातली नाहीत. फाईल हरवलीच तर बोभाटा नको.

१६ डिसेंबर
व्हिसा, बुकिंग, काकांचं पत्र, कार्ड, सगळं लॅमिनेट केलं. हिवाळ्यात तिकडे पाऊस पडतो म्हणे. उर्वी हसून म्हणाली, "एक दिवस मलाही लॅमिनेट करशील." शुभलक्षण.

१८ डिसेंबर, सीमेवर, सकाळी ९.४०
अधिकाऱ्यानं काकांच्या पत्रावर शिक्का मारला. पुसला गेला. पुन्हा मारला. पुन्हा पुसला. प्लास्टिक सोलायला गेलो तर पत्रच फाटलं. "खलास," एवढंच म्हणाला. शाई अत्यंत सुमार दर्जाची.
काकांची गाडी सीमेवर टाकून जाता येत नाही. उर्वी आणि मयूर मुदस्सिरच्या गाडीत बसले. उर्वीनं दोनदा विचारलं, आम्हीही परत फिरू का? मी म्हणालो, छे. फाईल मयूरकडे दिली. टॅब लावलेत, आंधळासुद्धा चुकणार नाही.

दुपारी १.१५
खोलीवर. कार्ड फाईलमध्येच राहिलं. हरकत नाही. वाक्य पाठ आहे. आल्यावर तोंडी विचारीन.

२० डिसेंबर
उर्वीनं फोटो पाठवला. मागे खाणीचा काळा डोंगर. तिची शाल मयूरच्या खांद्यावर. थंडी असणार.

२२ डिसेंबर
मयूर आला. आल्या आल्या मिठी मारली. म्हणाला, "भावा, ऑक्टोबरात तुला तिच्याबद्दल बोललो होतो, ते तू लक्षात ठेवलंस. अर्जासारखं हेही लिहून ठेवलंस. मी नुसतं वाचून दाखवलं. हो म्हणाली."
ऑक्टोबरची पानं काढली. नोंद आहे: 'मयूर अर्धा तास कुठल्याशा मुलीबद्दल बोलत होता. माझी ऑफिसच्या एका फाईलची अनुक्रमणिका चालू होती.'
फाईल तपासली. सगळे कागद जागच्या जागी. पाऊस पडलाच नाही. फक्त कार्ड नाही. ते उर्वीनं ठेवून घेतलंय.
लॅमिनेट केलेलं आहे. जन्मभर टिकेल.