वायरला मारलेली गाठ

लालबाग, मंगळवार संध्याकाळ

संपात मिल गेली, त्यानंतर कितीतरी वर्षं मिळेल ते काम केलं; आज सायबर कॅफेत पहिला दिवस. आणि मी काय केलं? नेटवर्कची वायर टोकाजवळ उंदराने तोडलेली. मिलमध्ये धागा तुटला की गाठ मारायचो, तशीच मारली. वर टेप. सगळ्या वायरी जोडतात त्या डब्यावरचा, म्हणजे स्विचवरचा, हिरवा दिवा लागेना. वाटलं, हेही काम गेलं.

मालकीण सुनंदाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, इथे गाठ चालत नाही. तेवढी वायर कापा, नवा प्लग बसवा." आठ बारीक तारा रंगाप्रमाणे लावल्या, पक्कड दाबली. हिरवा दिवा लागला. किती वेळ बघत बसलो.

निघताना ताई म्हणाल्या, "पक्कड तुमच्याकडेच ठेवा." म्हणजे उद्या बोलावलंय ना? पक्कड अजून खिशातच आहे.