सर्टनलीची शाळा

मु. पासली,
५ फेब्रुवारी १९३८

ती. आनंदराव दाजींस,
धाकटा मेहुणा कोंडिबा याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. अंबूआक्काचे गुडघे आता दुखायचे थांबले असतील. भोरात सर्वांचं कुशल असावं. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, एक माझी अब्रू सोडून.

दाजी, आपणच मला घरी ठेवून इंग्रजी चौथीपर्यंत शिकवलंत. (उपकार आहेत, पण आज त्याबद्दल दोषच देणार आहे.) गेल्या साली शाळाखात्याचे एक मोठे साहेब मार्गासनीला मुक्कामास आले. पासलीला शाळा द्या, असा अर्ज घेऊन गाव गेला. इंग्रजीवाला म्हणून मी पुढे. माझी साळू आठ वर्षांची झाली हे अर्जात लिहिलं नाही, पण मनात तेवढंच होतं. साहेबांनी (आपलेच मराठी माणूस!) अर्ज न उघडता म्हटलं, "सर्टनली!" रखमाजी पाटील मला म्हणाले, "काय म्हनलं रं?" मी डिक्शनरीतला अर्थ सांगितला: खात्रीनं, निःसंशय. वर पदरची भर घातली, की हा शब्द तोंडातून गेला की साहेब मेला तरी फिरत नाही. त्याआधी चहा विचारला तेव्हाही ते सर्टनलीच म्हणाले होते, आणि चहा दोनदा प्यायले होते. मग मी शंका का घ्यावी?

एवढ्यावर गावानं इर्जिक घातली. (भोरकर होऊन विसरला असाल: हाक देईल त्याच्या कामाला सारा गाव येतो, आणि हाक देणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.) शाळा कुणाच्याच घरची नाही, तर हाक कुणी द्यायची? ज्याला सर्टनली कळलं त्यानं. आठ दिवसांत भिंती उठल्या, छप्पर चढलं आणि माझ्या कणगीतला आंबेमोहोर तळाला गेला. साळूनं जमीन सारवली. मास्तर बसायची जागा तेवढी पुन्हा पुन्हा सारवत होती.

मास्तर आला नाही. मी तीनदा कचेरीत गेलो. तिन्हीदा साहेब "सर्टनली" म्हणाले आणि शिपायानं दार उघडलं. तेव्हा कुठं मला कळलं, की डिक्शनरीत नुसता अर्थ असतो, वापर नसतो. समोरचा उठून जावा असं वाटलं की तो शब्द वापरायचा. चौथ्या खेपेला साहेबांची बदली झालेली होती आणि आमचा अर्ज कुणाला सापडेना.

आता शाळेत गेनबाची म्हैस व्यायली आहे. मी पाणवठ्यावरून गेलो की फुलाबाई विचारते, "कोंडिबा, उद्या मास्तर येनार न्हवं?" आणि साऱ्या बाया मिळून उत्तर देतात, "सर्टनली!" गावाला इंग्रजीचा हा एकच शब्द येतो, आणि तो मी शिकवला. दाजी, मला राग येतो, आणि त्याहून जास्त लाज वाटते.

बाकी ठीक.
आपला,
कोंडिबा

ता. क. – साळूला शिकायला आपल्याकडे ठेवून घ्याल का, असं मी दिवाळीत विचारलं होतं. आपलं कार्ड पोचलं. त्यावर एकच शब्द आहे. पोर परकर धुऊन, गाठोडं बांधून बसली आहे आणि रोज म्हणते, "आबा, आतोबांनी काय लिवलंय ते वाचा की." मी अजून वाचून दाखवलेलं नाही.

आणखी ता. क. – 'हो' असेल तर वार कळवा, मराठीत. 'नाही' असेल तर तेही मराठीतच लिहा. मला वाईट वाटणार नाही. सर्टनली.