बिनखिशाचा कोट

मी, राजवाड्याचा शेवटचा शिंपी, वय एक्याऐंशी, डोळे अधू पण डोके शाबूत असताना, कुणाच्या भिडेला न पडता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो.

१. माझे दुमजली घर पुतण्याला. रक्ताचा आहे, इलाज नाही. शिलाई मशीनही त्यालाच. मोठ्या कात्रीने त्याने कागद कापल्यास मी भूत होऊन येईन.

२. मात्र वरची खोली धनी जिवंत असेपर्यंत त्यांचीच. धनी म्हणजे आमचे शेवटचे राजे. राज्य गेल्यापासून बावीस वर्षे ते माझ्याकडे राहतात आणि बटणांसाठी माझ्यापेक्षा सुबक काज करतात. पुतण्या त्यांना 'तो म्हातारा' म्हणतो. माझ्यामागे तो त्यांना रस्त्यावर काढेल, हीच मला धास्ती आहे.

अरे गाढवा, तो म्हातारा कोण ते ऐक. लोकांनी राज्य मागितले तेव्हा सेनापती म्हणाला, लढू. धनी म्हणाले, "माझ्या खुर्चीपायी कुणाची पोरं मारू?" विषय संपला. त्या फौजेत पहिल्या रांगेत तू उभा होतास.

३. राजाच्या कोटाला खिसा नसे. राजाने स्वतःचे काही वाहायचे नाही, अशी रीत. शेवटच्या सकाळी धनी स्वतः माझ्या खोलीत आले. "मास्तर, एक खिसा लावा. आता माझं मलाच वाहायचंय." मी रडत रडत लावला, त्यांचे पेन आठवणीने आत ठेवले, आणि त्याच भरात खिशाचे तोंडही शिवून टाकले! भर दरबारात राज्य सोडल्याच्या कागदावर सही करायची वेळ आली, तर धन्यांचा हात आत जाईना. धनी हसले, कारकुनाचे पेन मागून घेतले आणि सही केली. मला शब्दानेही बोलले नाहीत. असा माणूस पुन्हा होणे नाही.

४. आज वकिलाने हे सारे वाचून दाखवले आणि बजावले, की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; झाल्यास त्याचे मिळणे रद्द.

"मग मी साक्षीदारच होतो," म्हणत धनी उठले. "पोराच्या गळ्यात मी कशाला?"

अंगातल्या त्याच कोटाच्या खिशात ते पेन शोधू लागले. हात जाईना.

"मास्तर, पुन्हा?"

"या खेपेला मुद्दाम," मी म्हणालो.

धन्यांनी इकडेतिकडे पाहिले. साक्षीला बोलावलेल्या दोघांनी आपापली पेने पाठीमागे लपवली. वकील स्वतःच्या पेनावर चक्क बसले.

धनीही मग खाली बसले.

साक्षीदार:
कोपऱ्यावरचा बेकरीवाला (सही)
टपाल वाटणाऱ्या बाई (सही)

लिहून देणार: शिंपी (सही)

स्थळ: दुकानातले कापड बेतायचे टेबल
तारीख: तीन, गुरुवार