बाबांच्या चार्जची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस, धंदा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्ती, शिक्षण घरीच (अंक रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांवरून शिकले), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव माझा स्वतःचा आहे. तो कायद्यात धरतात की नाही, ठाऊक नाही. उद्या मला कपॅसिटरमधल्या वडिलोपार्जित चार्जची वाटणी करायची आहे आणि त्यात मी मरू शकते.

१. दुकानातला माझा हिस्सा दादाला. शटर उजवीकडून उचलावे.

२. माझे सात ड्रेस वहिनीला. प्रत्येकाला आत्याने डावा खिसा शिवला आहे, कारण काम करताना डावा हात खिशात असला तर झटका छातीतून आरपार जात नाही. वहिनी ओल्या हाताने फ्रिज उघडते.

३. स्क्रूड्रायव्हरचा संच शेजारच्या चावीवाल्या काकांना. मोठा त्यांनी सहा वर्षांपूर्वी नेला आणि टोक वाकवून गुपचूप परत ठेवला. ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आता बोलले.

४. कपॅसिटर. बाबांनी तो मला शिकवायला टेबलावर घेतला होता. "आत दोन पत्रे, मध्ये कागद. एका पत्र्यावर भरायचं, दुसऱ्यावरून काढायचं. दोघांना एकमेकांकडे जायचं असतं, कागद जाऊ देत नाही. वाट मिळाली की सगळं एकदम." त्यांनी तो तीनशे दहा व्होल्टपर्यंत भरला, तारा सोडवल्या आणि म्हणाले, "रिकामा कसा करायचा ते उद्या." त्या संध्याकाळी ते गेले. तेव्हापासून सहा वर्षे तो काचेच्या कपाटात कुलपात आहे.

आता दादा म्हणतो, निम्मा चार्ज त्याचा. मी सांगितले, त्याच मापाचा रिकामा कपॅसिटर जोडला की चार्ज निम्मा निम्मा होतो. पण साठलेल्या ऊर्जेतली अर्धी ठिणगीत आणि तारांच्या उष्णतेत जाते.

"म्हणजे ऊर्जा मला पावच?"

"मलाही पावच."

"मग अर्धी कोणाला?"

"कोणालाच नाही."

"असं नसतं. ठिणगी उडेल तेव्हा आत्या कुठे उभी राहणार आहे? तिलाच मिळायची."

५. कबुली. चार्ज आहे ना, हे बघायला मी दर रविवारी मीटर लावला. मीटर लावला की थोडा चार्ज त्यातूनच ओघळतो. तो माझ्या वाट्यातून वजा करावा.

६. मी मेले तर चार्ज शाबूत होता असे समजून मी तो मीटरने संपवल्याचा संशय मिटवावा. जगले तर दादाला काय तोंड दाखवू, ते सुचलेले नाही.

७. आत्या साक्षीदार असल्याने तिला काही ठेवता येत नाही असे वाचले. तिला फक्त माझी माफी.

पुरवणी, त्याच दिवशी. आत्याने कलमे वाचली आणि पेन खाली ठेवले.

"'वडिलोपार्जित' खोड. खोट्याखाली मी सही करणार नाही."

"खोटं कसं?"

"अगं, आठवड्यात तो निम्म्यावर आला होता. तू रविवारी मीटर काढणार, हे मला दिसत होतं. शनिवारी तू बाजारात गेलीस, मी भरून ठेवला."

"आणि मग?"

"मग दर शनिवारी."

"पण कुलूप?"

दुसरे साक्षीदार म्हणून आलेले चावीवाले काका छताकडे बघत म्हणाले, "दुसरी चावी मीच करून दिली. स्क्रूड्रायव्हर त्या कुलपातच वाकला."

कपॅसिटर आपोआप गळतो, हे मला ठाऊक होते. बाबांच्या चार्जला तो नियम लावायला मन धजले नाही.

म्हणून कलम चार असे वाचावे: कपॅसिटर वडिलोपार्जित, आतला चार्ज आत्याचा स्वकष्टार्जित. त्यावर दादाचा हक्क नाही, माझाही नाही. उद्याची वाटणी रद्द.

आत्याने शंभर वॅटचा बल्ब काढला. "उद्या शिकवतो म्हणाला होता ना? चल."

मी डावा हात खिशात घातला आणि बल्बची तार टेकवली. बल्ब लख्ख पेटला, मंदावला, विझला.

"पुन्हा टेकव. थोडं मागे राहतं."

पुन्हा टेकवली. मीटरवर शून्य. दहा मिनिटांनी पाहिले तर चार व्होल्ट. कोणी भरले नव्हते.

हे चार कोणाचे, यावर आत्याचे आणि माझे एकमत झाले नाही. ते कपाटात ठेवले आहेत. दादाने मागितल्यास दोन द्यावेत.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: आत्या (दुरुस्तीनंतर)
साक्षीदार २: चावीवाले काका (दुसरी चावी परत केली, कलम तीनवरचा हक्क सोडला)
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १२ जुलै, रविवार