ग्रीमुरच्या घरचा धूर

ह्वेराकोट, १६ जानेवारी १९४४

चि. ग्रीमुर यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझी बायको साल्वोर नाताळापासून माझ्याकडे आहे, हे तुझ्या ध्यानात आहे ना? तुझ्या घरात शहरातला तो नवा, जमिनीतल्या गरम पाण्याचा नळ आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणते. मला ते पटतं. येताना खोकून खोकून दुमडली होती, आता ठणठणीत आहे. इथे औषध कसलं? जमिनीतून वाफ येते, तिच्यावर घर तापतं, न्हाणं होतं, कपडे धुऊन निघतात. धूर नाही, काजळी नाही. तुमच्या रेक्याविकात तर बर्फसुद्धा करडं पडतं.

पण ठणठणीत झाली हीच पंचाईत झाली. आता तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. परवा मी राय धान्याच्या भाकरीचं डबडं भाजायला नेहमीच्या जागी गरम मातीत पुरलं. ती जागा घाण दिसते म्हणून साल्वोरने ते उकरून दुसरीकडे पुरलं, आणि कुठे ते विसरली. सगळं घर फावडी घेऊन उतारावर. शेवटी कुत्र्याला सापडलं, आणि त्याने आमच्यासाठी काही ठेवलं नाही.

नळ घे आणि हिला घेऊन जा.

तुझी स्टेनुनताई


रेक्याविक, २७ जानेवारी

ती. स्टेनुनताईस ग्रीमुरचा शि. सा. न.

ताई, माझं कोळशाचं दुकान आहे. माझ्याच घरात नळाचं गरम पाणी म्हणजे कोळ्याने बाजारातून मासळी विकत आणण्यासारखं. गल्लीतली निम्मी गिऱ्हाइकं नळाने पळवली. उरलेल्यांच्या देखत मी शपथ घेतली आहे की मी जिवंत असेपर्यंत माझ्या घरात तो पाइप येणार नाही. आता मागे फिरलो तर तीही जातील, मग खायचं काय? शिवाय जमिनीखालचं पाणी उद्या आटलं तर हेच लोक टोपल्या घेऊन माझ्या दारात येतील.

साल्वोरला हवापालट मानवतोय, आनंद आहे. राहू दे हवी तितकी. ओद्दुरदाजींना नमस्कार.

तुझा ग्रीमुर


ह्वेराकोट, ९ फेब्रुवारी

चि. ग्रीमुर, आशीर्वाद.

आटेल म्हणतोस? आपल्या पणजीने ज्या झऱ्यात लोकर धुतली, त्यातच मी आज ओद्दुरचे मोजे धुतले. तुझा कोळसा मात्र समुद्रापलीकडून बोटीने येतो, आणि समुद्रात सुरुंग पेरलेत. तुझ्या शेगडीसाठी खलाशांनी बुडावं, आणि पायाखालची ऊब फुकट जावी, हा कुठला शहाणपणा? मी शाळेत दोन हिवाळे गेले. मला कळतं, तुला कळत नाही.

आमचा दूधगाडीवाला सांगत होता की आता धक्क्यावरून एस्याचा डोंगर धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. एवढ्या शहरात एकच धुराडं एवढं काळं धुमसतं, आणि लोक परगावच्या पाहुण्यांना ते बोटाने दाखवतात. तुझ्या गल्लीतल्या बायका दोरीवर चादरी टाकताना तुझं नाव घेतात. कसं घेतात ते लिहीत नाही. दुकानात बादल्या ठेव, खिळे ठेव, रंग ठेव. आता भिंती पांढऱ्या राहायला लागल्यात, रंग खपेल.

इकडे साल्वोरने ओद्दुरची दाढी कापून सारखी केली. तेव्हापासून तो मेंढ्यांच्या गोठ्यात झोपतो. म्हणतो, मेंढ्या व्यायला आल्यात. मेंढ्या मे महिन्यात वितात.

तुझी ताई


रेक्याविक, २ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं, रागावलो नाही. तब्येत उत्तम. पाय अगदी उबदार, झोप गाढ, आंघोळ रोजची. साल्वोरने घाई करू नये, वाटेत अजून बर्फ आहे.

एक काम होतं, तिला सांगू नकोस. आईचे चांदीचे चमचे मी स्वतः धुतले, तर सगळेच्या सगळे काळे पडले. कितीही पुसा, निघत नाही. कोळशाच्या धुराने झालं असणार, दुसरं काय. चमकवायचा काही उपाय असला तर लगेच कळव.

तुझा ग्रीमुर


ह्वेराकोट, ११ मार्च

चि. ग्रीमुर,

आशीर्वाद नंतर देते.

कोळशाची काजळी फडक्याने निघते. धुराने चांदी मळायला वर्षं जातात. एका धुण्यात तिला काळं करणारं पाणी एकच, जमिनीतलं गंधकाचं, आणि मी जन्मापासून त्यातच भांडी घासते आहे. म्हणून तर आमच्या घरात शिंगाचे चमचे. रोजची आंघोळ म्हणे. कोळशावर पाणी तापवून तू शनिवारचीसुद्धा टाळायचास.

दूधगाडीवाल्याला तुझ्या मागच्या अंगणात पाठवलं. भिंतीतून आत गेलेला नवाकोरा पाइप त्याने पाहिला. मासळीची फुटकी खोकी आणि ओलं गवतही पाहिलं. नळ घेऊन गरम पाण्यात डुंबतोस, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला धुराड्यात कचरा जाळतोस. अरे, कोळशाच्या धुराने निदान कुणाला ऊब तरी मिळायची. या धुराने फक्त शेजारणींच्या चादरी काळ्या होतात. दुकानाची काळजी मला कळते. पण बायको इथे ठेवून एकट्याने निवांत लोळायचं, हे दुकानासाठी नव्हतं.

चमच्यांना सोडा आणि राख लाव. राख तुझ्याकडे आहेच.

हे पत्र साल्वोरच दूधगाडीने घेऊन आली आहे. आत्ता ती तुझ्यासमोर उभी असेल. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही, आणि वाट लांबची आहे. तेव्हा वाचायचं सोंग आणखी लांबवू नकोस, वर बघ.

ओद्दुर गोठ्यातून घरात आला. त्याचा तुला नमस्कार. माझा लोभ आहे, पण तिला परत पाठवलंस तर उरणार नाही.

तुझी स्टेनुनताई